पडणे आणि पडून राहणे

(दृश्य : उजाडण्यापूर्वीची वेळ. पलंगावरून उठणारे आजोबा. कॅमेरा त्यांच्या पावलांवर.)

घरातले वयस्कर माणूस पडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कशाने पडलात?" ओली फरशी, सरकलेले पायपुसणे, लाईट गेली होती, असे काहीतरी उत्तर मिळते आणि विषय तिथेच मिटतो. वास्तविक म्हातारपणी माणूस एकाच कारणाने क्वचितच पडतो. मंदावलेली नजर, मांडीच्या स्नायूंतली गेलेली ताकद, रात्री घेतलेली गोळी आणि तळ झिजलेली स्लीपर अशा चार-पाच किरकोळ गोष्टी एका क्षणी जुळून येतात, आणि त्यांतली एखादी जरी वेळीच दूर केलेली असती तरी कदाचित तोल सावरला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्रात अशा वयाच्या नागरिकांची संख्या 2011च्या जनगणनेतच एक कोटीच्या वर गेली होती.

आजोबा लघवीसाठी उठले आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे, प्रोस्टेटची चालू आहे, झोपेची अर्धी गोळीही ते अनेक वर्षे घेत आले आहेत, आणि ही औषधे वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहून दिलेली आहेत. आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. तरुण शरीर ते तत्काळ सावरून घेते, म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो, आणि वरील औषधांमुळे तो वेळ आणखी वाढू शकतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने घसरला, तर तो दोष मानून त्यावर उपाय करावा लागतो. तो सापडण्यासाठी रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून मोजावा लागतो. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत तो खुर्चीवर बसवून एकदाच मोजला जातो, म्हणून हा दोष बहुधा कागदावर येतच नाही. आपल्या मनाने गोळी बंद करणे धोक्याचे आहे, मात्र घरातली औषधांची सगळी पिशवी, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका डॉक्टरांपुढे रिकामी करून "यातले आता खरोखर काय लागते?" असे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

(दृश्य : न्हाणीघर. उंबरठा, बादली, भिंतीवरचा टॉवेलचा दांडा.)

न्हाणीघराची फरशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून खाली घेतलेली असते आणि वर उंबरठाही असतो, त्यामुळे ओल्या पायाने वर चढणे आणि उंबरठा ओलांडणे ही दोन्ही कामे एकाच पावलात करावी लागतात. त्या पावलाला हात टेकायला जे सापडते तो टॉवेलचा दांडा असतो. दोन बारीक स्क्रूंवर लटकलेल्या या दांड्याला ओला टॉवेल पेलतो, साठ किलोचा माणूस पेलत नाही. आधाराचा कठडा टाइल फोडून आत विटेपर्यंत पक्का बसवावा लागतो, आणि तो कमोडशेजारी व दाराजवळ असा दोन्ही ठिकाणी हवा. बसायला पाटाऐवजी न सरकणारे प्लास्टिकचे स्टूल, पलंगापासून दारापर्यंत रात्रभर मंद दिवा, आणि आतून कडी न लावण्याची सवय, एवढ्यावरही बरेच भागते. कडीवरून मात्र घराघरात वाद होतात, आणि ते समजण्यासारखे आहे. म्हातारपणीही माणसाला आब असतो. बाहेरूनही उघडता येईल असे कुलूप बसवले की तो वादही मिटतो.

माणूस पडल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. एक पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले, तर खुब्याजवळचे हाड मोडले आहे असे समजून चालावे. ओढून उभे करणे, तेल लावून चोळणे, "उद्या बघू" म्हणणे, यांतले काहीही न करता 108वर फोन करावा. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांच्या आत व्हावी लागते, कारण खाटेवर गेलेल्या प्रत्येक दिवसागणिक न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढत जाते. "या वयात ऑपरेशन कशाला?" हे वाक्य नातेवाईक मायेपोटी बोलतात, पण बहुतेक वेळा ऑपरेशनपेक्षा पडून राहणेच अधिक घातक ठरते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही आठवड्यांनीही त्रास देऊ लागतो. एरवी बोलका माणूस सुस्त झाला, तर वयाला दोष देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्यावा.

हाड न मोडता निभावले तरी मनात धास्ती बसते. सूनबाई म्हणतात, "आई, तुम्ही उठू नका, मी देते हातात." ही सेवा वर्षभर चालली की मांड्या आणखी रोडावतात आणि पुढचे पडणे जवळ येते. तोल सावरण्याच्या आणि पायांना बळ देणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. हात न टेकता खुर्चीवरून उठणे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, इतक्यापासून सुरुवात करता येते.

सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील गरजूंना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. मोडलेल्या हाडासाठी लाखांत आणि ते मोडू नये म्हणून हजारांत, असा हा हिशेब आहे.

(दृश्य : रुग्णालयातून घरी निघालेल्या आजी, हातात वॉकर, मुलाच्या हातात डिस्चार्ज कार्ड.)

या कार्डावर टाके काढण्याची तारीख असते, वेदनाशामक गोळी असते, फिजिओथेरपीचा उल्लेख असतो. उभ्या उंचीवरून पडून खुब्याचे हाड मोडले, याचा अर्थ बहुधा हाडे आधीच ठिसूळ झालेली होती, आणि त्या ठिसूळपणावरचे औषध मात्र अनेकदा लिहिलेले नसते. त्याविना दुसरा खुबा मोडण्याचा धोका तसाच राहतो. म्हणून टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना हाडांच्या औषधाविषयी स्वतःहून विचारावे, आणि रक्तदाब उभे करूनही मोजायला सांगावे.