कॅज्युअल्टीच्या गेटवर कोण उभं आहे

(रात्र. कॅज्युअल्टीचं चॅनल गेट, ॲम्ब्युलन्सचा लाइट भिंतीवर)

सरकारी हॉस्पिटलचा हा गार्ड गेट पूर्ण उघडत नाही बघा. स्ट्रेचर जाईल एवढीच जागा करतो आणि डावा पाय खालच्या पट्टीत रोवून उभा राहतो, म्हणजे बाहेरून कितीही रेटा आला तरी गेट सरकत नाही. हे त्याला कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही, आधीच्या गार्डचं बघून शिकला. पेशंटबरोबर आत एकच माणूस सोडायचा असा नियम आहे आणि आलेत टेम्पोभर, कुणी म्हणतं मी भाऊ, कुणी म्हणतं मी चुलता, मागचे एक काका कुठल्यातरी नगरसेवकाला फोन लावून तो फोन थेट गार्डच्या कानाला लावतायत. गार्ड एवढंच म्हणतो, "दादा, पेशंट आत गेलाय, डॉक्टर बघतायत, तुम्ही इथंच थांबा." त्याच्याकडं एक काठी आहे आणि एक शिट्टी.

आता त्याचे बूट बघा. युनिफॉर्म एजन्सीचा, पण बूट घरचे, टाचेला फाटलेले. 2005 चा खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा आहे, त्यावरच्या केंद्राच्या नमुना नियमांत गार्डच्या अंगावर काय असावं हे बारीकसारीक लिहिलंय, दंडावर एजन्सीच्या नावाचा बिल्ला, छातीवर बिल्ला, दोरीला बांधलेली शिट्टी, लेसचे बूट, डोक्यावर टोपी. ट्रेनिंगचंही लिहिलंय, वर्गात 100 तास आणि मैदानात 60 तास, कमीत कमी 20 दिवसांत मिळून. गर्दी कशी आवरायची, आग लागली तर काय करायचं, प्रथमोपचार, हे सगळं त्यात येतं. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांचं ट्रेनिंग म्हणजे जुन्या गार्डबरोबर एक दिवस उभं राहणं. दुसऱ्या दिवशी ड्युटी चालू.

(स्क्रीनवर टेंडरची पानं, हळूहळू वर सरकतात)

गेटवर माणूस येतो तो या कागदातून येतो, म्हणून इथं जरा थांबायला लागेल.

हॉस्पिटल गार्ड नोकरीवर ठेवत नाही. हॉस्पिटल टेंडर काढतं, एजन्सी दर भरतात, ज्याचा दर सगळ्यात कमी तो एल वन, त्याला वर्क ऑर्डर. या दरात असतं काय बघा. पहिलं किमान वेतन, म्हणजे मूळ पगार आणि विशेष भत्ता, आणि हा भत्ता महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. त्यावर एजन्सीच्या वाट्याचा पीएफ 13 टक्के, ईएसआय म्हणजे कामगार विमा 3.25 टक्के, बोनस 8.33 टक्के, रजेचे पैसे, युनिफॉर्म. आणि एक रिलिव्हर, म्हणजे सुट्टीच्या दिवशी गार्डच्या जागी उभा राहणारा माणूस, ज्याच्याकडं टेंडर लिहिणाऱ्यांचं सगळ्यात कमी लक्ष असतं. साधा हिशोब आहे. एका गेटवर चोवीस तास माणूस हवा तर आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला 21 पाळ्या झाल्या. एक माणूस आठवड्याला सहाच पाळ्या करणार, सातव्या दिवशी त्याला सुट्टी. म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं लागतात, आजारपण आणि रजा धरली तर चार. आम्ही जे टेंडर बघितलं त्यात एका गेटला तीन लिहिलेत. मग उरलेल्या पाळ्या कोण करतो, तर तेच तिघं, डबल ड्युटी मारून. संध्याकाळी ज्याला गेटवर बघितलं तोच सकाळी सातला हजेरीच्या रांगेत उभा असतो, शूटिंगच्या फुटेजमध्ये तुम्हाला तो तीनदा दिसेल.

किमान वेतन, पीएफ, ईएसआय हे कायद्यानं ठरलेलं, त्यात एजन्सीला हात घालता येत नाही. मग दर कमी कुठं करायचा? सर्व्हिस चार्जमध्ये, म्हणजे एजन्सीच्या स्वतःच्या वाट्यात. म्हणून एजन्सी सर्व्हिस चार्ज काही पैसे एवढाच भरतात, काही ठिकाणी जवळजवळ शून्य. सगळ्यांचा दर सारखाच आला की ड्रॉ काढून एजन्सी ठरते. आता शून्य सर्व्हिस चार्जवर कुठलीही एजन्सी ऑफिसचं भाडं भरू शकत नाही, सुपरवायझरचा पगार देऊ शकत नाही, हे टेंडर कमिटीतल्या प्रत्येकाला कळतं. तो पैसा येतो गार्डच्या खिशातून, युनिफॉर्मची कपात, डिपॉझिट, हजेरीवर नाव आहे पण गेटवर माणूस नाही अशा जागा. आम्हाला हे बोलताना अवघडल्यासारखं होत नाही, कारण हे लपलेलं नाहीच, हजेरीपट आणि गेट शेजारी ठेवून बघितलं की दिसतं.

(सकाळची हजेरी. रांग, सुपरवायझर रजिस्टर घेऊन)

महाराष्ट्रात याला दुसरा रस्ता पण आहे आणि तो फार जुना आहे. 1981 ला आपल्या राज्यानं खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा केला आणि सुरक्षा रक्षक मंडळं आली. मंडळात नोंद झालेला गार्ड ठेकेदाराचा नसतो, जिथं तो काम करतो ती संस्था पगार आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळाकडं भरते आणि पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी मंडळ बघतं. ठेकेदार बदलला म्हणून त्या माणसाची जागा जात नाही. आम्हाला विचाराल तर सरकारी हॉस्पिटलनं पहिलं दार हेच ठोठवायला पाहिजे. खर्च कागदावर जास्त दिसतो, हो, दिसतो, पण त्या खर्चात माणूस खरोखर असतो.

आणि तिसरं म्हणजे महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ, 2010 च्या कायद्यानं आलेलं, त्यांचे जवान. हे हॉस्पिटलांच्या बोलण्यात जास्त आलं ते 2017 ला. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी हॉस्पिटलात एका निवासी डॉक्टरला पेशंटच्या नातेवाइकांनी बेदम मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, मग राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि सरकारनं सांगितलं की महामंडळाचे 1,100 रक्षक सरकारी हॉस्पिटलांत देऊ. पेशंटबरोबर दोनच नातेवाईक, पास सिस्टीम, हे सगळं तेव्हा जोरात आलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्याचा कायदा तर त्याच्या आधीपासून होता, 2010 चा, तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, अजामीनपात्र. त्याचा बोर्ड इथं लावलेला आहे, हा बघा, खालचा कोपरा पोस्टरनं झाकलाय. मग ऑगस्ट 2024 ला कोलकात्याच्या आर जी कर हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून, सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली, तिथं सीआयएसएफ, म्हणजे केंद्राचं औद्योगिक सुरक्षा दल, आलं, राष्ट्रीय टास्क फोर्स नेमला. आपल्याकडं पुन्हा संप, पुन्हा बैठका, पुन्हा सीसीटीव्ही. गेटवर मात्र एल वनचाच माणूस.

(अकाउंट्सच्या खिडकीबाहेर बिलांचे गठ्ठे)

आता बिलाचा प्रवास बघा, कारण पगार इथंच अडकतो. एजन्सी महिन्याचं बिल देते, त्याला हजेरीपट, पीएफचं चलन, ईएसआयचं चलन जोडते. ते सुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं जातं, तिथून अकाउंट्स, एक चलन कमी निघालं की परत, मग अधीक्षक, मग अधिष्ठाता, मग ट्रेझरी, आणि तोपर्यंत अनुदान संपलेलं असतं. एजन्सीवाला गार्डला सांगतो, हॉस्पिटलनं बिल काढलं नाही, मी कुठनं देऊ. हॉस्पिटल म्हणतं, तो एजन्सीचा माणूस, आम्हाला काय विचारता. दोघांनाही असं म्हणता येत नाही. पगार महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा ही एजन्सीची जबाबदारी, बिल निघो न निघो. आणि ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो मूळ मालकानं, म्हणजे इथं हॉस्पिटलनं द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या लेबर कोडमध्येही आहे. हे कलम गार्डला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत.

पगार दोन-दोन महिने थकतो, चांगले गार्ड सोडून जातात, नवीन येतो त्याला आयसीयू कुठल्या मजल्यावर ते माहीत नसतं, आणि मग एखाद्या रात्री गेट सुटतं, डॉक्टरला मार बसतो, गार्डलाही टाके पडतात. सीसीटीव्हीचं हे फुटेज आम्ही आवाजाशिवाय देतोय.

(फुटेज संपेपर्यंत निवेदन नाही)

एक गोष्ट राहिली. या गार्डचं काम नुसतं अडवणं नाही. ही आजी बघा, डबा घेऊन आलीय, पास हरवलाय. तो तिला खुर्ची देतो, वॉर्डात मावशींना फोन करतो, मावशी खाली येऊन डबा घेऊन जाते. दुपारभर हेच चालतं, रक्तपेढी कुठं, एक्स-रे कुठं, पोस्टमॉर्टेमचा कागद कुठं मिळतो. अर्ध्या भांडणांना इथंच, गेटवर, गोड बोलून तोंड बांधलं जातं आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. टेंडरमध्ये या कामाला एक ओळ नाही.

आत्ताच्या ठेक्याची मुदत संपलीय, मुदतवाढीवर चाललाय, नवीन टेंडर यायचंय. त्यात काय असावं ते गार्ड, निवासी डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर यांच्याशी बोलून आम्ही लिहून काढलंय. प्रत्येक गेटला रिलिव्हर धरून माणसं, सर्व्हिस चार्जला खालची मर्यादा, विशेष भत्ता वाढला की दर आपोआप वाढावा, आणि पगार बँकेत जमा झाल्याची यादी दिल्याशिवाय एजन्सीचं पुढचं बिल नाही. कॅज्युअल्टी आणि आयसीयूचे गार्ड दर महिन्याला बदलायचे नाहीत. बाळंतपणाच्या वॉर्डला लेडी गार्ड रात्रीसुद्धा. एजन्सींनी दर भरायच्या आधी प्री-बिड मीटिंग होते, तिला आजवर फक्त एजन्सीवाले बसतात. या वेळी निवासी डॉक्टरांचा एक, नर्सिंगमधून एक आणि गार्डांमधून एक माणूस आत बसवा अशी आमची मागणी आहे, तसं पत्र अधिष्ठात्यांच्या ऑफिसात दिलंय, पोच घेतलीय, आणि पत्राबरोबर हा व्हिडिओ पण दिलाय.