गाडीची निगा : फडके कोणाच्या हाती असावे?

श्रोतेहो,

गाडीचे डिटेलिंग, म्हणजे तिची आतून-बाहेरून बारकाईने केलेली सफाई, चमक आणि रंगाची निगा, स्वतः करावे की पैसे मोजून व्यावसायिकाकडून करून घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक आपला खिसा आणि आपला रविवार पाहून देतात. मी ते गाडीचा रंग पाहून देणार आहे. ज्या कामात केवळ मळ निघतो किंवा पृष्ठभागावर एखादे संरक्षण चढते, ते काम मालकाने स्वतः शिकावे. ज्या कामात रंगाचाच थर घासून कमी होतो, ते जाणकाराकडे सोपवावे आणि तेही क्वचितच. आपल्याकडे नेमके उलटे चालते. रोजचे पुसणे आपण पहाटे सोसायटीत येणाऱ्या माणसावर निर्धास्तपणे टाकतो, आणि त्यातून उठलेले ओरखडे घालवण्यासाठी सुटीच्या दिवशी रबिंग कंपाउंडची, म्हणजे रंग घासणाऱ्या खरखरीत लेपाची, डबी आणून स्वतः बॉनेट घासत बसतो.

हे उलटे का आहे, हे समजण्यासाठी रंगाची रचना पाहावी लागेल. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा अस्तराचा थर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन, पारदर्शक लाखेसारखा थर. या साऱ्याची मिळून जाडी साधारणपणे 100 ते 140 मायक्रॉन भरते; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट 40 ते 50 मायक्रॉनच्या आसपास असतो आणि माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्याला आपण गाडीची चमक म्हणतो, ती केसाहूनही पातळ अशा थरावर अवलंबून आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. ही मोडता येणारी, पण नव्याने भर घालता न येणारी ठेव आहे. पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरून काढणे नव्हे. ओरखड्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणणे म्हणजे पॉलिश. जाडसर कंपाउंड लावून यंत्राने केलेल्या एका खेपेत दोन ते चार मायक्रॉन सहज जातात. दर दिवाळीला गाडी ‘नव्यासारखी’ करून घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता हे ओरखडे येतात कोठून? रस्त्यावर चालताना येणारे फार थोडे असतात; बहुतेक सारे धुताना आणि पुसताना येतात. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर रात्री मोबाईलची बॅटरी धरून पाहा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील, आणि बॅटरी सरकवली की वर्तुळेही तिच्याबरोबर सरकतील. प्रत्यक्षात ते ओरखडे गोलाकार नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात आणि त्यांतले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. सुक्या धुळीवरून फिरवलेल्या ओल्या फडक्याची ही कामगिरी आहे. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे आणि दगडाच्या भुग्याचे टोकदार कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात.

सकाळी गाड्या पुसणाऱ्या माणसाला यात दोष देण्यात अर्थ नाही. त्याला एका बादलीत रांगेने उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या उरकायच्या असतात आणि मालक कामाला निघण्यापूर्वी उरकायच्या असतात. महिन्याला मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांत त्याने प्रत्येक गाडीला नवे पाणी घ्यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याचे पैसे बंद करू नका. त्याला काचा, आरसे, पायदाण्या आणि चाके एवढेच पुसायला सांगा आणि रंगाला हात लावू नका, असे स्पष्टपणे बजावा. धूळ बसलेली गाडी दिसायला वाईट असते, पण नुसत्या बसलेल्या धुळीने रंग खराब होत नाही. ती कोरडी घासल्याने होतो.

स्वतः धुण्याची पद्धत अवघड नाही, मात्र तिचा क्रम पाळावा लागतो. गाडी सावलीत असावी आणि पत्रा हाताला थंड लागावा, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी दोन्ही वाळून डाग पडतात. सर्वांत आधी चाके धुवावीत. ब्रेकची काळी पूड सर्वांत खरखरीत असते, म्हणून चाकांचे फडके आणि ब्रश वेगळे ठेवावेत. मग नुसत्या पाण्याच्या धारेने सैल धूळ वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीसाठीच्या शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली सरळ रेषेत फिरवावा, प्रत्येक भाग झाला की साध्या पाण्यात खंगाळावा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी शेवटी जो गाळ साचतो, तो एरवी तुमच्या बॉनेटवर फिरला असता. दारांचा खालचा भाग सर्वांत मळका, म्हणून तो सर्वांत शेवटी. पुसताना मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरावा आणि अलगद ओढावा. हातातून जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा रंगाला लावू नये. ही फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नये, कारण त्याने धाग्यांवर लेप चढतो आणि ती पाणी शोषेनाशी होतात. भांडी घासायचा साबण गाडीवरचा वॅक्सचा, म्हणजे मेणासारख्या संरक्षक लेपाचा, थर उतरवतो. कपड्यांची पावडर तर त्याहूनही तिखट.

पाण्याच्या टंचाईत हे सगळे कसे करायचे, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर मला दिसतो आहे, आणि तो रास्त आहे. उन्हाळ्यात अनेक सोसायट्या पाइप लावून गाडी धुण्यास मनाई करतात आणि ते योग्यच आहे. त्यासाठी न खंगाळता वापरायची द्रावणे मिळतात. त्यांतली पॉलिमर द्रव्ये धुळीच्या कणाला वेढून पत्र्यापासून सुटे करतात आणि एका बादलीत गाडी निघते. अट एकच, की गाडीवर चिखलाचा थर नसावा. पावसाळ्यात घाटातून आलेल्या गाडीला या पद्धतीने हात लावू नये.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या प्रकाराचाही विचार करावा लागतो. मुंबईला महापालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून येते आणि ते मृदू असते. पुण्याच्या उपनगरांत मात्र कित्येक सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात, आणि बेसाल्टच्या खडकातून आलेले ते पाणी बहुधा जड असते. ते पत्र्यावर वाळले की त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा अंश पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. ताजे ठिपके पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने विरघळतात. लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकले, म्हणजे झाले. तेच ठिपके उन्हात आठवडेच्या आठवडे भाजत राहिले, तर क्लिअर कोटमध्ये खळगे पडतात आणि मग पॉलिशशिवाय गत्यंतर उरत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच आहे. तिच्यातले आम्ल आणि तापलेला, सैलावलेला क्लिअर कोट यांची गाठ पडली की दुपारभरात वण उमटतो, म्हणून ती दिसताक्षणी भिजवून उचलावी; नखाने किंवा कोरड्या कागदाने खरवडू नये. किनारपट्टीवर, म्हणजे रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात, खारी हवा रंगापेक्षा पत्र्याच्या सांध्यांना अधिक छळते. तेथे गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने नियमित धुणे आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, हे कोणत्याही महागड्या लेपापेक्षा मोलाचे आहे. ती छिद्रे गाळाने बुजली की दार आतून कुजू लागते.

धुतल्यानंतरही पत्रा गुळगुळीत आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे बॉनेटवरून हलकेच फिरवा. जी खरखर उघड्या हाताला लागत नाही ती लागेल. तो डांबराचा, झाडाच्या चिकाचा किंवा रुतून बसलेल्या लोखंडी कणांचा अंश असतो. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर तो विशेष आढळतो. लोखंड विरघळवणारे द्रावण फवारले की ते जांभळे होऊन ओघळते. उरलेली खरखर क्ले बारने, म्हणजे भरपूर निसरडे द्रावण लावून फिरवायच्या मऊ लगद्याने, निघते. हेही धीर धरणाऱ्या मालकाला जमण्यासारखे आहे. वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे तसाच कृत्रिम द्रव्यांचा लेप, चढवणे तर त्याहून सोपे.

येथे माझ्या मते घरच्या कामाची सीमा संपते. यंत्राने पॉलिश करणे हे हाताच्या सवयीचे काम आहे. रोटरी यंत्र एकाच अक्षावर फिरते, झपाट्याने कापते आणि तितक्याच झपाट्याने तापवते. पत्र्याच्या कडांवर आणि घड्यांवर रंग आधीच पातळ असल्याने तेथे क्षणभर जास्त थांबले तरी खालचा प्रायमर उघडा पडतो. प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता लवकर निघून जात नाही, त्यामुळे तेथे धोका आणखी वाढतो. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र फिरता फिरता हेलकावे घेते, म्हणून ते बरेच सौम्य असते आणि काही हौशी मंडळी ते उत्तम चालवतातही. परंतु कोणत्या भागावर पूर्वी किती थर गेला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी जाडी मोजणारे उपकरण लागते, आणि एका गाडीसाठी ते विकत घेणे परवडत नाही. अपघातानंतर पुन्हा रंगवलेल्या भागाची जाडी 200 मायक्रॉनच्या वरही जाते. त्याच गाडीच्या छतावर कारखान्याचे 110 असू शकतात. दोन्हीकडे एकच हात चालवणारा माणूस धोकादायक, मग तो मालक असो वा व्यावसायिक.

सिरॅमिक कोटिंगविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण शोरूममध्ये चावी हाती पडण्यापूर्वीच ते गळ्यात मारले जाते. मुळात हा सिलिकावर आधारित, फार तर एक-दोन मायक्रॉनचा थर आहे. त्याच्यामुळे पाणी ओघळते, मळ कमी चिकटतो, धुणे सोपे होते, आणि हे गुण खरे आहेत. मात्र ‘9एच’ कठीणपणाची जी जाहिरात होते, तो कठीणपणा पेन्सिलीच्या शिसाने मोजलेला असतो. रस्त्यावरच्या वाळूपुढे त्या आकड्याचा काही उपयोग नाही. कोटिंग केलेली गाडीही कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडे पडतातच. दगडाच्या टिचक्यांपासून रक्षण हवे असेल, तर पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते. ती साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड असते, खर्चही त्याच मानाने असतो आणि ती लावणे निर्विवादपणे व्यावसायिकाचे काम आहे. कोटिंगखाली जे ओरखडे असतील ते तसेच बंदिस्त होतात, म्हणून त्याआधी पॉलिश करावे लागते, आणि कोटिंगच्या बिलातला मोठा हिस्सा या पूर्वतयारीच्या मजुरीचाच असतो. स्वस्तात कोटिंग म्हणजे बहुधा ही तयारी गाळलेली.

आतल्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो. व्हॅक्यूम, किंचित ओलसर मायक्रोफायबर आणि मऊ ब्रश एवढ्यावर डॅशबोर्ड आणि एसीच्या जाळ्या उत्तम निघतात. स्टिअरिंगला आणि पेडलना सिलिकॉनचे चकाकी देणारे द्रव कधीही लावू नये. हात आणि पाय दोन्ही घसरतात. सीट धुऊन घ्यायच्या असतील तर भर जुलैत घेऊ नयेत. पाणी ओढून घेणारे यंत्र ज्याच्याकडे नाही, त्याने धुतलेला फोम पावसाळ्यात वाळत नाही आणि आठवड्याभरात गाडीला बुरशीचा वास येतो. सीटखाली पिवळ्या रंगाच्या जोडण्या दिसतात, त्या एअरबॅगच्या असतात. तेथे पाणी मारणाऱ्या माणसाला ताबडतोब थांबवावे.

व्यावसायिक निवडताना दुकानातल्या दिव्यांना भुलू नका. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाची जाडी मोजून आकडे लिहून देशील का, हे त्याला विचारा. आधी एका छोट्या चौकोनावर सर्वांत सौम्य पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश लावून बघणार का, कडांना आणि रबराला चिकटपट्टी लावणार का, हेही विचारा. सगळे ओरखडे शंभर टक्के घालवतो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा, हे दोन खोल आहेत, ते राहू द्या, असे सांगणारा माणूस मला अधिक विश्वासाचा वाटतो. गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी, उन्हात. काही पॉलिशमधली तेले ओरखड्यांत भरून बसतात आणि दोन-तीन धुण्यांनंतर सगळी जाळी पुन्हा वर येते. म्हणून कोटिंग किंवा वॅक्स चढवण्यापूर्वी बॉनेटचा एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दाखवायला सांगा, आणि तो पुसल्यावरही तसाच स्वच्छ दिसला, तरच उरलेले पैसे द्या.