रिपोर्ट नॉर्मल, डोकं जड

पान तेच. ओळही तीच. तिसऱ्यांदा वाचतोय, तरी शेवटच्या शब्दाशी येईपर्यंत पहिला निसटून जातो. डोक्याला मार लागून सहा आठवडे झाले. टेंगूळ केव्हाच उतरलं. सीटी स्कॅन नॉर्मल. बघणाऱ्याला माणूस ठणठणीत वाटतो.

याला कन्कशन म्हणतात, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेली सौम्य दुखापत. त्यात धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो आणि चेतापेशींचे नाजूक तंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही विस्कटलेली घडी बसवायला एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. हे सगळं पेशींच्या पातळीवर चालतं, सीटीत उमटत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे कवटीत रक्तस्राव दिसला नाही. हा मोठाच दिलासा. पण काही झालंच नाही, असं त्यातून निघत नाही. रुग्णावर अन्याय होतो तो इथे.

बहुतेक मोठी माणसं दोनेक आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाभर लागू शकतो. काहींची डोकेदुखी, भोवळ, चिडचिड मात्र 3 महिन्यांनंतरही पाठ सोडत नाही. आधी कन्कशन झालेलं असेल, मायग्रेन किंवा नैराश्याचा त्रास असेल, सुरुवातीची लक्षणं फार तीव्र असतील, तर ही शक्यता वाढते. शक्यताच. समोर बसलेल्या माणसाला डॉक्टर तारीख देऊ शकत नाहीत.

आणि तारीख नसणं फार थकवतं. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी भांड्यांचा खणखणाट थेट डोक्यात घुसतो, ट्यूबलाइटचा उजेड टोचतो. घरचे काळजीने विचारतात, ‘आता बरं वाटतंय ना?’ तेव्हा ‘हो’ म्हणून टाकणं सोपं पडतं.

पूर्वी लक्षणं जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता सल्ला बदललाय: पहिले 24 ते 48 तास विश्रांती, मग झेपेल तसं चालणं. त्रास किंचित वाढला तर चालतं, जास्त वाढला की थांबायचं. मान आणि तोल यांसाठीच्या फिजिओथेरपीचाही अनेकांना उपयोग होतो. डोक्याला पुन्हा मार लागू नये, हे मात्र कसोशीने जपायचं.

उशाशी एक वही आहे. शनिवार: वीस मिनिटं चाललो. रविवार: पाचच. सोमवार: पंधरा. संध्याकाळी डोकं दुखलं, झोपायच्या आधी थांबलं.