साडेतीन मिलिमीटर

(दृश्य : पहाट. शिरोड्याची मिठागरं, पाण्यात आभाळ. दुरून व्हायोलिनचा एकच लांब स्वर.)

हा षड्ज, म्हणजे सा. व्हायोलिनवादक नाना रोज सूर्य वर यायच्या आत तो लावतात आणि बराच वेळ त्यावरून हलत नाहीत. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी आम्ही वाट बघत बसलो की राग कधी सुरू होतो. अकरा मिनिटं गेली तरी सा चालूच होता.

(दृश्य : लाकडी कपाटाचं दार उघडतं. आत पिवळा उजेड.)

कपाटात चाळीसचा बल्ब. मृगापासून दसऱ्यापर्यंत तो विझत नाही. त्याच्या उबेला दोन व्हायोलिनं, तीन गज आणि नानांच्या मोजणीच्या चौतीस वह्या. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या हवेने पोलादी तारा गंजतात, दमट हवेने गजाचे केस सैल पडतात, आणि भर पावसाळ्यात कधीतरी सरसाने चिकटवलेला सांधा सुटतो. एका जुलैत व्हायोलिनची पाठच उघडली. नानांनी आधी आतल्या लाकडाची जाडी मोजून वहीत लिहिली, मग ती चिकटवली. मधले चार दिवस व्हायोलिन जेवणाच्या टेबलावर उघडं पडलं होतं.

(दृश्य : तेरेखोलची फेरीबोट. पलीकडचा काठ जवळ येतो.)

खाडी ओलांडली की केरी, आणि पुढे पेडणे तालुक्यातलं पार्से. श्रीधर पार्सेकर या गावचे. त्यांचं व्हायोलिन नानांनी शाळकरी वयात रेडिओवर ऐकलं. घरात तेव्हा पेटी होती. भजनाला पेटी, दशावताराला पेटी. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, पण गावात तिचंच राज्य होतं. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. दोन पट्ट्यांच्या मधे काही असतं, हे मुलाला व्हायोलिन ऐकेपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. बोट सरकेल तिथे स्वर.

(दृश्य : जवळून. काळी पट्टी, चार तारा, शेजारी स्टीलची फूटपट्टी. नानांच्या बोटांवर राळेची पांढरी भुकटी.)

आता हे नीट बघा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तार जवळपास ३३ सेंटिमीटर. सतराव्या शतकात संगीतशास्त्रकार अहोबलाने वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांच्या जागा सांगितल्या. पुढे अभ्यासकांनी ती तार ३६ इंचांची धरून गणित मांडलं. नाना तेच ३३ सेंटिमीटरवर करतात. वरच्या टोकापासून तारेचा निम्मा भाग सोडला की तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. एक तृतीयांशावर, म्हणजे ११ सेंटिमीटरवर, पंचम (प). एक चतुर्थांशावर, सव्वाआठवर, मध्यम (म). इथपर्यंत भांडण नाही.

भांडण रिषभाचं, म्हणजे ‘रे’चं. तारेचा नववा भाग सोडला तर रिषभ येतो. दहावा भाग सोडला तरी रिषभच येतो, पण किंचित उतरलेला. दोन्ही जागांत फरक साडेतीन मिलिमीटरहून किंचित जास्त. उकड्या तांदळाचा एक दाणा आडवा ठेवला तर जेमतेम तेवढी जागा भरते. नानांनी आमच्यासमोर ठेवून दाखवला.

(दृश्य : दोन व्हायोलिनं समोरासमोर. एक नानांच्या हातात, दुसरं अकरावीतल्या शिष्येच्या.)

व्हायोलिनं दोन का, ते इथे कळतं. भरताने नाट्यशास्त्रात दोन वीणा घेतल्या, एक जागची न हलणारी, दुसरी चल. चल वीणेचा पंचम एका श्रुतीने, म्हणजे कानाला ओळखू येईल अशा सगळ्यात लहान फरकाने, उतरवायचा, बाकीचे स्वर त्याला जुळवून घ्यायचे. दुसऱ्या फेरीत चल वीणेचे गंधार-निषाद (ग-नी) स्थिर वीणेच्या रिषभ-धैवतावर (रे-ध) येऊन मिळतात. तिसरीत रिषभ-धैवत षड्ज-पंचमावर. चौथीत पंचम, मध्यम, षड्ज तीन्ही एकेक स्वर खाली. चार फेऱ्या मिळून श्रुती २२. हे पाठ म्हणणारे परीक्षेत पास होतात. नाना वाजवून दाखवतात, आणि दोन स्वर एकमेकांत विरघळतात तेव्हा हवेतली घरघर थांबते. हेडफोन असेल तर आता लावा.

(घरघर. मग शांतता.)

“कानाक कळता,” नाना म्हणतात, “पन कानाक सांगूक येना नाय. म्हणान वही.”

वह्या मराठीत आहेत. भातखंड्यांनीही हे शास्त्र मराठीतच लिहिलं होतं, हे आज कितीजणांना आठवतं? आणि वाजवणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, ही वाटणी तरी कुणी केली? काशीत व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांनी विद्यापीठात शिकवलं आणि मैफलीही गाजवल्या. या चौतीस वह्या अजून एकाही प्रकाशकाने उघडलेल्या नाहीत.

मोजणीपायी नानांची बँकेतली नोकरी मुदतीआधी सुटली, एका विद्यापीठाने प्रबंध परत पाठवला, मैफलींची बोलावणी थांबली. नानांच्या पत्नी, काकू, कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत.

(दृश्य : संध्याकाळ. ओटीवर नाना मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर. सुरूच्या बनातून वारा.)

राग दरबारी. साडेपाच सेंटिमीटरवर बोट ठेवलं की कोमल गंधार मिळतो, वहीत तसं लिहिलंय. पण दरबारीचा गंधार तिथे उभाच राहत नाही. तो खाली उतरतो, रिषभाकडून झुलत येतो, पुन्हा उतरतो. अठ्ठावीस नंबरच्या वहीत या गंधारासाठी तीन पानं कोरी सोडलेली आहेत.

(दृश्य : शिष्येचं बोट तारेवर. फूटपट्टी बाजूला पडलेली.)

“वायच मागे घे.”

ती घेते.

“आणखी वायच.”