सन १२९० : नेवाशापासून लंडनपर्यंत

(दृश्य : नेवासे, प्रवरेचा काठ, मंदिरातला दगडी खांब)

हा पैसाचा खांब. परंपरा सांगते, याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सांगणाऱ्याचं वय अवघं पंधराच्या आसपास. सुमारे ९,००० ओव्या, आणि त्याही बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. देवगिरीच्या गादीवर तेव्हा रामदेवराव यादव होते.

मराठी माणसाला हे साल ठाऊक असतं ते यासाठी. पण त्याच वर्षी बाकीचं जगही काही स्वस्थ बसलं नव्हतं.

(दृश्य : नकाशा, दिल्ली)

दिल्लीत गुलाम घराणं संपलं. जून महिन्यात जलालुद्दीन खिलजी सुलतान झाला. तो सत्तरीकडे झुकलेला, मनाने मऊ. जिथे गुलाम घराण्यातल्या सुलतान बल्बनसमोर आपण हात बांधून उभे राहत होतो, त्याच सिंहासनावर कसं बसायचं, म्हणून त्याला रडू कोसळल्याचं इतिहासकार बरनी लिहितो. त्याचा पुतण्या आणि जावई अलाउद्दीन मात्र वेगळ्या मातीचा होता. सहाच वर्षांत त्याने देवगिरी लुटली आणि मग चुलत्यालाच मारून गादी बळकावली.

सप्टेंबरात उत्तर चीन भूकंपाने हादरला. कुब्लाई खानाच्या साम्राज्यात तेव्हा सुमारे एक लाख माणसं दगावली असावीत, असा अंदाज आहे.

तिकडे भूमध्य समुद्राकाठी, क्रुसेडवाल्यांच्या (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या) ताब्यातल्या अक्रा शहरात, इटलीहून आलेल्या लोकांनी मुसलमान व्यापाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची कत्तल केली. इजिप्तच्या सुलतान कलावूनला अक्राशी असलेला तह मोडायला कारण मिळालं. फौज घेऊन कैरोबाहेर पडतानाच नोव्हेंबरात तो वारला. मोहीम त्याच्या मुलाने पुरी केली, पुढच्याच वर्षी अक्रा पडलं.

(दृश्य : लंडन, थेम्स नदी)

या वर्षातली मनातून जात नाही ती गोष्ट इंग्लंडची. १८ जुलैला राजा पहिल्या एडवर्डने हुकूम काढला : १ नोव्हेंबरपर्यंत एकूणएक ज्यूने देश सोडावा. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या दुःखात ज्यू ज्या दिवशी उपास धरतात, नेमका तोच हा दिवस.

ज्यूंना बहुतेक धंद्यांची दारं बंद होती, म्हणून ते व्याजबट्टा करत. राजे त्यांच्यावर कर लादून तिजोरी भरत. १२७५ मध्ये एडवर्डने व्याजालाच बंदी घातली. करांनी पिळून निघालेल्या या लोकांकडून आता काही मिळण्यासारखं उरलं नव्हतं. पार्लमेंटने मोठा कर मंजूर केला आणि त्या बदल्यात राजाने ज्यू घालवले. दोन-तीन हजार माणसं, म्हातारीकोतारी, लेकरंबाळं बंदरांकडे निघाली.

एक इंग्रज बखरकार लिहितो, थेम्सच्या मुखाशी ओहोटीला एका जहाजाच्या तांडेलाने ज्यू उतारूंना वाळूच्या पट्ट्यावर उतरवलं. भरती येऊ लागली तसा तो स्वतः जहाजावर चढला आणि त्यांना म्हणाला, आता तुमच्या मोझेसला (समुद्र दुभंगून ज्यूंना वाट देणारा त्यांचा प्रेषित) हाक मारा. सगळे बुडाले. या गुन्ह्यासाठी तांडेलाला पुढे फाशी झाली.

(दृश्य : गेडिंग्टनचा दगडी क्रूस)

२८ नोव्हेंबरला, लिंकनजवळ, एडवर्डची राणी एलेनोर वारली. राजा पार खचला. तिचा देह वेस्टमिन्स्टरला नेताना जिथे जिथे मुक्काम पडला, तिथे तिथे त्याने क्रूस उभारले. एकूण बारा. त्यांतले तीन आजही उभे आहेत आणि लंडनच्या चेरिंग क्रॉसचं नाव त्या बारांपैकीच, आता नसलेल्या एकावरून पडलं. याच राणीने ज्यूंकडची कर्जखाती विकत घेऊन कर्जदारांच्या जमिनी आपल्या नावावर केल्या होत्या. बायकोसाठी इतका कळवळलेला हा माणूस, त्याच वर्षी हजारोंची घरं एका हुकमाने मोडतो, हे मला आजही पचत नाही.

ज्यूंना इंग्लंडमध्ये पुन्हा उघडपणे राहायला १६५६ साल उजाडावं लागलं.