पत्र कुणाच्या नावाने?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी अर्ज करते आणि मध्येच एखादी अडचण उभी राहते, तेव्हा पत्र नेमके कुणाला लिहायचे, या एकाच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे. अभ्यास कसा करावा आणि पहाटे किती पळावे, हे सांगणारे आपल्या सातारा जिल्ह्यात गल्लोगल्ली भेटतात. ज्या एका गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, ते मिलिटरी अपशिंगे आपल्याच तालुक्यात आहे, त्यामुळे फौज म्हणजे काय हे मी इथे कुणाला सांगायला नको. परंतु माझी सारी नोकरी सेनेच्या कचेरीत टपालाची आवक-जावक सांभाळण्यात गेली, आणि चुकीच्या टेबलावर आलेल्या पत्राचे काय होते, ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्याच्यावर शिक्का बसतो, वहीत नोंद होते आणि ते दुसऱ्या कचेरीकडे रवाना होते, आणि तोवर मुलाची तारीख निघून गेलेली असते.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कोरेगावकडचे एक आले-बागायतदार माझ्या ओळखीचे होते. त्यांना आपण तात्या म्हणू. तात्यांचा मुलगा बारावीला होता. त्याने एनडीएची लेखी परीक्षा दिली आणि पहिल्याच फटक्यात तो उत्तीर्ण झाला. गावात पेढे वाटले गेले, फलकही लागला. (लेखी परीक्षेच्या निकालावर फलक लावण्याची ही घाई मला कधीच मानवलेली नाही, लेखी परीक्षेचे ९०० गुण आणि एसएसबीच्या, म्हणजे सेनादलांच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीचेही ९०० गुण, तेव्हा निम्मा घाट चढून झाल्यावर गुलाल कशाला उधळायचा?) पुढे एसएसबीचे बोलावणे आले, आणि हजर राहण्याच्या त्या दिवसांतच बारावीचा भौतिकशास्त्राचा पेपर होता.

तात्यांनी बाजारपेठेत जाऊन एक पत्र टाइप करून घेतले. ते तीन पानांचे होते. पहिल्या पानावर पणजोबांनी गाजवलेली लढाई होती, दुसऱ्या पानावर मुलाचे दहावीचे गुण, व्यायामाची आवड आणि आल्याच्या पडलेल्या भावाने झालेली घराची ओढाताण होती, आणि भौतिकशास्त्राचा पेपर तिसऱ्या पानाच्या दुसऱ्या परिच्छेदात आला होता. या पत्राची एक प्रत त्यांनी खडकवासल्याला प्रबोधिनीच्या प्रमुखांच्या नावाने पाठवली, दुसरी दिल्लीला यूपीएससीकडे, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे, तिसरी थेट संरक्षणमंत्र्यांना. दहा दिवस वाट पाहिली. उत्तर आले नाही, तेव्हा चौथी प्रत खिशात घालून आणि साहेबांना भेट म्हणून ओल्या आल्याची पिशवी खांद्याला अडकवून ते एसटीने स्वारगेटला गेले, आणि तेथून दुसरी गाडी पकडून खडकवासल्याला प्रबोधिनीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले.

फाटकावर पहाऱ्याला एक निवृत्त होऊन पुन्हा सेवेत आलेला जवान होता, खानापूरकडचा, म्हणजे आपल्याच बोलीचा. त्याने लिफाफा उलटासुलटा करून पाहिला, पिशवीतही डोकावून पाहिले आणि म्हणाला, "पाव्हणं, आत हायेत ती पोरं आमची. तुमचं पोरगं अजून आमचं न्हाई. ज्यानं बोलावलंय, त्यालाच जाऊन सांगा की."

श्रोतेहो, जे मी अर्ध्या तासात सांगू पाहतो, ते त्या जवानाने फाटकावर उभ्या उभ्या सांगून टाकले.

तात्या दिवेलागणीला सातारच्या स्टँडवरून थेट माझ्या घरी आले. पिशवी खांद्यालाच होती. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, की बोलावण्याचे मूळ पत्र कुठे आहे? ते देवघराच्या फडताळात, कुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवलेले होते! तीन प्रती टपालात टाकून, चौथी प्रत आणि पाच किलो आले घेऊन माणूस पुण्याला जाऊन आला होता, आणि ज्या कागदावर सगळे लिहिलेले होते तो कागद घरी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी तो आणला. मी चष्मा लावून मागची सूचनांची पाने वाचू लागलो, आणि त्यात सरळ लिहिलेले होते, की मुलाखतीची तारीख बदलण्याची विनंती केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि प्रशासनाच्या सोयीने विचारात घेतली जाईल, आणि ती विनंती ज्या निवड केंद्राकडून बोलावणे आले त्या केंद्राच्या प्रशासन अधिकाऱ्याला उद्देशून करावी. सेनादलाच्या मुख्यालयाकडे आलेल्या अशा पत्रांवर कार्यवाही होणार नाही. मंत्री, प्रबोधिनी, आयोग यांपैकी कुणाचेही नाव तिथे नव्हते.

मग आम्ही पत्र लिहायला बसलो. पणजोबांना मी वगळले. तात्यांना ते रुचले नाही, कारण त्यांच्या मते पणजोबांमुळेच पत्राला वजन येत होते. स्थानिक आमदारांचे शिफारसपत्र जोडावे, असा त्यांचा दुसरा आग्रह होता, आणि त्यावर मात्र मी आवाज चढवला, कारण आपल्या उमेदवारीसाठी कोणत्याही मार्गाने पाठिंबा मिळवणे हे आयोगाच्या नियमांत गैरवर्तन मानले आहे आणि त्यापायी उमेदवारी रद्द होऊ शकते. आपल्याकडे रेशनकार्डापासून बदलीपर्यंत प्रत्येक कामाला चिठ्ठी लागते अशी समजूत मुरलेली आहे; या एका दारात ती चिठ्ठी मुलाच्या गळ्याशी येते. अखेर पाच ओळींचे पत्र तयार झाले. मुलाने ते स्वतःच्या अक्षरात लिहिले, स्वतःची सही केली, सोबत बोर्डाच्या वेळापत्रकाची आणि हॉल तिकिटाची प्रत जोडली, आणि आम्ही ते मुख्य टपाल कचेरीतून स्पीड पोस्टाने रवाना केले. दीड आठवड्यात नवी तारीख आली.

आता थोडक्यात नियमाकडे वळतो. अर्ज भरल्यापासून लेखी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत सर्व चौकशी यूपीएससीकडे करायची. अर्जातील चूक, प्रवेशपत्र, परीक्षेचे केंद्र, हे सारे आयोगाचे काम आहे, आणि दिल्लीत धोलपूर हाउसच्या 'सी' फाटकाजवळ आयोगाचा सुविधा कक्ष त्यासाठीच आहे. लेखी परीक्षेचा निकाल लागला की दार बदलते. मुलाने पहिली पसंती ज्या सेनादलाला दिली असेल, त्या दलाच्या मुख्यालयातील भरती विभागाशी संबंध येतो. भूदल असेल तर भूदलाकडे, नौदल असेल तर नौदलाकडे, वायुदल असेल तर वायुदलाकडे. घरचा पत्ता बदलला तर तो या मुख्यालयाला कळवायचा. मुलाखतीच्या तारखेची अडचण मात्र निवड केंद्राच्या प्रशासन अधिकाऱ्याला कळवायची. पुन्हा सांगतो, ज्या केंद्राने बोलावले त्याच केंद्राला. वैद्यकीय तपासणीत मूल अपात्र ठरले, तर अपील कसे करायचे ते त्या वैद्यकीय मंडळाचे अध्यक्ष तिथल्या तिथे सांगतात. मुलाने घाबरून निघून न येता ते नीट ऐकून घ्यावे. अंतिम गुणवत्ता यादी पुन्हा आयोग लावतो, आणि रुजू होण्याचे पत्र हातात पडल्यानंतरच प्रबोधिनीशी आपला संबंध सुरू होतो.

पत्रात काय लिहायचे, तेही ऐका, आणि जवळ कागद असेल तर टिपून घ्या. परीक्षेचे नाव आणि वर्ष, नोंदणी क्रमांक, रोल नंबर, जन्मतारीख, दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे पूर्ण नाव, आणि संपूर्ण पत्ता. नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवे, हे मी दुसऱ्यांदा सांगतो, कारण आपल्याकडे आधारवर एक, शाळेत एक आणि लाडाचे आणखी एक असे मुलाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असते. आज पुष्कळशी पत्रे ईमेलने जातात. तीही अर्जात नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवावीत, सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवरून पाठवू नयेत. आणि पत्र मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहावे. मुली २०२२ पासून या प्रबोधिनीत दाखल होऊ लागल्या आणि त्यांची पहिली सतरा जणींची तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. तरीही मुलीच्या वतीने वडीलच फोन करताना मी आजही पाहतो, आणि मला त्याचे नवल वाटते. उद्या जिने पलटण सांभाळायची, तिने आजचा फोन करू नये काय?

सातारकरांपुरती आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या गावात १९६१ साली सुरू झालेली सैनिक शाळा ही देशातील पहिली सैनिक शाळा आहे, त्यामुळे एनडीएचा कुठलाही प्रश्न घेऊन लोक तिच्या फाटकावर जातात. ती शाळा सहावीच्या आणि नववीच्या प्रवेशाची आहे. एनडीएच्या मुलाखतीची तारीख तिथे कुणी बदलून देऊ शकत नाही.

तात्यांच्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारल्याशिवाय तुम्ही रेडिओ बंद करणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याने भौतिकशास्त्राचा पेपर दिला, नव्या तारखेला तो मुलाखतीला गेला, आणि पहिल्याच दिवशीच्या चाळणीत बाद होऊन परत आला. तात्या पुन्हा माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सुभेदार, आता पत्र कुणाला लिहायचं?" मी म्हटले, "तात्या, आता कुणालाच नाही. पुढच्या परीक्षेची जाहिरात आली आहे. पोराला फॉर्म भरायला बसवा, आणि पहिल्या पसंतीच्या रकान्यात काय लिहायचे ते त्यालाच ठरवू द्या." नमस्कार.