जांभळ्यावर जांभळा

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातली चौकट. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

जांभळ्या जमिनीवर सोनेरी बुट्टे. मधेच एखादा निळा. पैठणी म्हणावी, तर हे सगळं चारदोन केसांच्या रुंदीत मावतं.

आणि यात रंग कुणी भरलेलाच नाही. खाली सिलिकॉनची चकती आहे, चिपसाठी वापरतात तीच. तिच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर. तो पाण्यासारखा पारदर्शक. पण पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडलं की जे रंग तरंगतात ना, तोच खेळ इथे चालतो. थोडा प्रकाश थराच्या वरून परततो, थोडा तळाला जाऊन परततो. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही रंग खुलतात, काही मावळतात. थर १०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असेल तर गडद जांभळा. १५० ला फिकट निळा, २०० ला सोनेरी. ३०० ला पुन्हा निळसर जांभळा! रवा भाजला गेला की नाही हे आपण रंगावरून ओळखतो. चिपवाले इंजिनिअर थराची जाडी तशीच ओळखायचे. त्यासाठी रंगांचा तक्ताच असे.

आता बुट्टे. ते ग्रॅफाइटचे. म्हणजे शिसपेन्सिलीतलं, जिच्यात शिसं नसतंच, ते. मँचेस्टर विद्यापीठात ग्रॅफाइटचा वरचा थर काढायला साधी चिकटपट्टी वापरत आणि मग ती फेकून देत. तिथलेच भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांच्या प्रयोगाला ही फेकलेली पट्टीच उपयोगी पडली. घडी घालायची, उचकटायची. पुन्हा घडी, पुन्हा उचकटायची. मग पट्टी चकतीवर दाबायची.

(दृश्य : एका निळ्या तुकड्याची कडा, अगदी जवळून.)

जाड तुकडे सोनेरी दिसतात, पातळ निळे. पण इथे, या कडेला बघा. काहीच नाही? जरा थांबा, डोळा बसू द्या.

जांभळ्यावर जांभळाच, नखभर गडद. जाडी एका अणूची. हे ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा एकच थर. २००४ साली त्याचा शोध प्रसिद्ध झाला, २०१० साली दोघांना नोबेल मिळालं. खालचा थर ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटरचा असता तर हा तुकडा दिसलाच नसता, असं पुढे त्या दोघांनीच लिहिलं.

फोकसचं चाक किंचित फिरवलं... गेला.

परत आणू.

हा बघा.